एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

१

एका संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

हॉल दोनशे माणसांचा. त्या सोमवारी माणसं तीनशे. खुर्ची न मिळालेले खिडकीच्या कट्ट्यावर, कट्टा न मिळालेले बाहेर थंडीत, काचेला नाक लावून. सँडविक हे विनिपेग सरोवराच्या काठावरचं आमचं गाव. इथे एवढी गर्दी एरवी फक्त मयताला होते, आणि तीसुद्धा मयतानंतर केक असेल तर.

स्टेजवर बंधू एलायस. पांढरा कोट, पांढरी दाढी, पांढरे बूट. मागे फळा, आणि फळ्यावर हातभर उंच आकडे:

१ ४ २ ८ ५ ७

"बंधुभगिनींनो, हा आकडा कुणी बनवला?"

(तीनशे माना फळ्याकडे.)

"कुणीही नाही! हा बनवलेला नाही, हा आहे! पर्वत नव्हते तेव्हा हा होता! हे सरोवर नव्हतं तेव्हा हा होता!"

"सरोवर नव्हतं तर मग मासे कुठे होते?" मागून कुणीतरी विचारलं. त्याला चार बायकांनी गप्प केलं.

बंधूंच्या हातात कापडी पट्टा होता. त्यावर तेच सहा आकडे गोलाकार शिवलेले. तो पट्टा त्यांनी सर्वांदेखत पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि कलिंगडाएवढा स्पंजचा फासा गर्दीत भिरकावला. फासा डोक्याडोक्यांवरून उडत गेला आणि एका आजीबाईंच्या मांडीत पडला.

"तीन!" आजीबाई किंचाळल्या.

"तीनने गुणा! फोन काढा! विश्वास ठेवू नका, गुणा!"

तीनशे अंगठे फोनवर. ४२८५७१.

बंधूंनी पेटी उघडली, आत हात घातला, चर्रर्र असा आवाज झाला आणि पट्टा सरळ लांब होऊन बाहेर आला. त्यावर डावीकडून उजवीकडे: ४ २ ८ ५ ७ १.

हॉलमधून "हाऽऽ" असा एकच श्वास गेला. पुन्हा फासा. पाच! ७१४२८५. पेटी, चर्रर्र, पट्टा: ७ १ ४ २ ८ ५. पुन्हा. दोन! २८५७१४. पट्टा तेच म्हणतो!

"तेच सहा आकडे! एक गळत नाही, एक वाढत नाही! आकडा फिरतो, पण मोडत नाही! आता सांगा, तुमच्या शरीरात काय फिरतं?"

"रक्त!" एकजण.

"सांधे!" बंधू. "खांदा फिरतो, गुडघा फिरतो, कंबर फिरते. मग ती मोडते का? कारण तिला आपला आकडा आठवत नाही! जिथे दुखतं तिथे हा बांधा. एकवीस दिवस. आणि सुरी लावू देऊ नका! कापलेलं वर्तुळ पुन्हा जुळत नाही!"

मग त्यांनी आवाज खाली आणला.

"आता सातने गुणा."

९९९९९९.

"सातव्या पायरीला पूर्ण विश्रांती. आणि सँडविककरांनो, हे तुमच्या आज्यांना ठाऊक होतं! तुमच्या व्हिनारतेर्ता केकला थर किती?"

"सात!" तीनशे तोंडं.

"आमच्याकडे पाच," एक म्हातारा पुटपुटला. त्याच्या बायकोनं त्याला असं कोपर मारलं की पुढच्या वाक्याला त्याचा श्वासच पुरला नाही. आमच्याकडे या केकला पाच थर करणं म्हणजे घराण्याला काळिमा.

स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफीची किटली धरून रूना उभी होती. ती फळ्याकडे बघत नव्हती, तिसऱ्या रांगेकडे बघत होती. तिथे तिचा नवरा यालमार, चाळीस वर्षं सरोवरातून जाळी ओढलेला आडदांड गडी, दोन काठ्यांवर तोल सांभाळत उभा राहिला होता आणि एक काठी वर करून ओरडत होता, "इकडे एक पट्टा! कमरेच्या मापाचा!"

४

(पानं उलटसुलट लागलेली नाहीत. एकानंतर चारच.)

होकार कळवायला चार दिवस उरले होते. रूनाच्या फ्रिजवर माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली विनिपेगच्या इस्पितळाचं पत्र लावलेलं होतं. त्यातला मजकूर असा:

*उजव्या खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी आपली तारीख निश्चित झाली आहे. पुढचा मंगळवार. या शुक्रवारी दुपारी चारच्या आत फोन करून होकार कळवावा. होकार न आल्यास जागा पुढील रुग्णाला दिली जाईल व आपले नाव प्रतीक्षायादीत शेवटी घेतले जाईल.*

या पत्राची त्यांनी सोळा महिने वाट पाहिली होती. यादीचं शेपूट आता बावीस महिन्यांवर गेलं होतं, असं फोनवरची बाई मागे एकदा म्हणाली होती. यालमार एकाहत्तर वर्षांचा. घराच्या तीन पायऱ्या तो खेकड्यासारखा आडवा उतरायचा. बूट रूना घालायची. नावेत पाय टाकून त्याला दोन उन्हाळे झाले होते, आणि धक्क्यावर बसून तो दुसऱ्यांच्या नावांना शिव्या देण्यात दिवस काढायचा. आणखी बावीस महिने म्हणजे चाकाची खुर्ची, हे रूनाला कळत होतं. त्यालाही कळत होतं.

पण आता त्याच्या कमरेला पट्टा होता.

२

दोन माणसं, एक टेबल, बुधवारची सकाळ.

"फोन केलास?"

"कुणाला?"

"कळतंय तुला, यालमार."

"अगं, एकवीस दिवस तर होऊ देत."

"एकवीस दिवसांत मंगळवार कितीदा येतो?"

"तीनदा."

"आपला पहिलाच आहे."

"फरक पडतोय, रूना. काल मी शेडपर्यंत गेलो."

"मी धरलं होतं तुला."

"पण मी गेलो."

"पट्टा उलटा बांधलायस."

"गोल आहे तो. गोलाला उलटं नसतं, तेच तर बंधू सांगतात."

"बंधू कोण लागतो तुझा? तुला बंधू होता एकच."

"लेफूरचं नाव काढू नकोस."

"मी कुठे काढलं?"

"काढणार होतीस. कॉफी दे."

लेफूर यालमारचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी पित्ताशयाचं ऑपरेशन करायला विनिपेगला गेला. 'शुक्रवारी परत येतो, माझ्या जाळ्यांना हात लावू नकोस,' असं सांगून गेला. आला नाही. ती जाळी अजून शेडमध्ये तशीच टांगलेली होती आणि यालमारनं त्यांना खरंच कधी हात लावला नव्हता.

रूनानं कॉफी ओतली. तिनं मनाशी हिशेब सोपा केला: पट्टा थोतांड आहे हे त्याला दाखवलं की तो फोन करेल. हिशेबात एक चूक होती, ती पुढे कळेल. पण थोतांड दाखवायचं कसं? गुणाकार तर तिनं स्वतः कागदावर करून पाहिला होता. चार वेळा. बरोबर येत होता. मेला प्रत्येक वेळी बरोबर येत होता.

८

गुरुवारी आठ बायका चर्चच्या स्वयंपाकघरात.

नाताळच्या विक्रीसाठी व्हिनारतेर्ता ऑक्टोबरात करावा लागतो, कारण तो मुरावा लागतो. बिस्किटासारख्या पातळ सात पोळ्या, मध्ये आलुबुखाराचा वेलची घातलेला मुरंबा. वरून साखरेचा लेप द्यायचा की नाही यावरून गावात दोन तट आहेत, आणि ते एकमेकांच्या लग्नाला जातात पण केक खात नाहीत. पीठ मळणं हे हमालीचं काम. त्या दिवशी सात बायका मळत होत्या. आठवी, आर्डिस, खुर्चीत बसून वेलची सोलत होती, कारण तिच्या कोपराला पट्टा होता.

"अगं बायांनो, जादू आहे जादू," आर्डिस म्हणाली. "तीन दिवस झाले, कोपर एकदाही ठणकलं नाही."

"तुझ्या वाटचं पीठ कोण मळतंय तीन दिवस?" रूनानं विचारलं.

"तुम्ही. म्हणून तर म्हणते, माझ्यावर आकड्याची कृपा आहे."

"आकड्याची नाही, आमच्या मनगटांची आहे."

"जळतेस. तुझ्या नवऱ्याला गुण येतोय म्हणून उलट खूश व्हायला हवंस."

रूना पिठाकडे वळली. तिच्या गोळ्याचं वजन तीन किलो भरलं होतं आणि त्याचे सात समान वाटे करायचे होते. एका वाट्याचं वजन किती हे इथे कुणीच पाठ करत नाही. वजनकाट्यावरच्या कपाटाचं दार उघडायचं, आतल्या बाजूला चिकटवलेला कागद बघायचा. हा कागद ओल्गा फ्रीमनचा. ओल्गा गावची पोस्टमास्तरीण, आता देवाघरी. ती कुठलाही आकडा अर्धवट टाकायची नाही. पत्राचं वजन ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत सांगायची आणि मग तेवढंच तिकीट लावायची. कॅलक्युलेटरवर जे दिसलं ते तिनं दशांश चिन्हापुढच्या तीन आकड्यांसकट उतरवून ठेवलं होतं. गेली वीस वर्षं बायका तिला हसत होत्या आणि फक्त चिन्हाच्या अलीकडचं वाचत होत्या. पलीकडचं वाचून करायचं काय? पिठाचा कण मोजणार?

रूनानं दार उघडलं. लोण्याचे डाग पडलेला कागद.

*गोळा १ किलो, एक वाटा १४२.८५७*
*गोळा २ किलो, एक वाटा २८५.७१४*
*गोळा ३ किलो, एक वाटा ४२८.५७१*
*गोळा ४ किलो, एक वाटा ५७१.४२८*
*गोळा ५ किलो, एक वाटा ७१४.२८५*
*गोळा ६ किलो, एक वाटा ८५७.१४२*

"चारशे अठ्ठावीस," ती सवयीनं म्हणाली.

मग तिनं पुढचं वाचलं.

मग वरची ओळ वाचली. मग सगळ्यात खालची.

"रूना? पीठ वाळतंय गं."

"आर्डिस," रूना म्हणाली, "इकडे ये. आणि तुझं ते कृपा झालेलं कोपर घेऊन ये."

आर्डिस आली. पट्टा कागदाशेजारी धरला गेला. आठ बायका दाराभोवती गोळा झाल्या आणि बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. आठ बायका आणि शांतता, हे त्या स्वयंपाकघरातलं आजवरचं सगळ्यात मोठं आश्चर्य होतं.

"म्हणजे," शेवटी आर्डिस म्हणाली, "ओल्गा संत होती?"

"अगं बाई माझे! ओल्गा भागाकार करत होती!"

५

शुक्रवारी दुपारी तीनला बंधूंचा निरोपाचा कार्यक्रम. गर्दी सोमवारपेक्षा जास्त. प्रत्येकाच्या कशाला ना कशाला पट्टा बांधलेला: गुडघ्याला, मानेला, एकाच्या कुत्र्याला. रूनानं आदल्या संध्याकाळी बंधूंना गाठून पाच मिनिटं मागितली होती. "तुमच्या आकड्याबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत," असं म्हणाली होती. खोटं काहीच नव्हतं त्यात. बंधूंना वाटलं, म्हातारी भारावली आहे.

"या, भगिनी रूना! सांगा तुमचा अनुभव!"

रूना वर गेली. हातात पिठाचा गोळा, एप्रन तसाच.

"अनुभव म्हणजे असा," ती म्हणाली, "की मला फासा टाकायचा आहे."

"टाका ना!"

"पण यावर आठ नाहीये."

हॉलमध्ये हसू फुटलं. बंधूही हसले. दाढीतल्या दाढीत.

"फासा सहाचाच असतो, भगिनी."

"तेच विचारतेय. सहाचाच का? सगळे फोन काढा रे. आठने गुणा."

अंगठे फिरले. कुरबुर सुरू झाली. ११४२८५६.

"सात आकडे झाले!" कुणीतरी ओरडलं. "पट्ट्यावर सहाच आहेत!"

बंधू कच्चे नव्हते. त्यांनी दोन्ही हात वर केले. "आहाहा! आठ ही दीक्षेची पायरी! पुढचा एक बघा, तो साधक. त्याला उचला आणि शेवटच्या सहात मिळवा. सहा आणि एक सात! काय राहिलं? १४२८५७!"

टाळ्यांचा कडकडाट. रूनानंसुद्धा वाजवल्या, पीठ उडालं.

"सुंदर," ती म्हणाली. "म्हणजे सहापर्यंत पट्टा आपोआप फिरतो, आणि आठला तुम्ही तो हातानं शिवता. आता माझं बघा. मी काहीच शिवणार नाही."

तिनं फळा पुसला. बंधू पुढे झाले, पण मधे आर्डिस उभी होती, आणि आर्डिस मधे उभी राहिली की ट्रकसुद्धा वळसा घालतो.

"हा एक गोळा. सात थरांत वाटायचा. एक गोळा सातांत जात नाही, म्हणून त्याचे दहा तुकडे करते. प्रत्येक थराला किती?"

"एक," पुढच्या रांगेतल्या बायका म्हणाल्या. हे त्यांचं रोजचं काम.

"उरले?"

"तीन."

"तीन वाटता येत नाहीत. त्यांचे प्रत्येकी दहा, म्हणजे तीस. प्रत्येकाला?"

"चार. उरले दोन."

"दोनाचे वीस."

"दोन. उरले सहा."

"सहाचे साठ."

"आठ! उरले चार!" आता पुरुषही ओरडायला लागले.

"चाळीस."

"पाच! उरले पाच!"

"पन्नास."

"सात! उरला एक!"

"एक उरला," रूना म्हणाली. "आणि आपण सुरुवात कशानं केली होती?"

हॉल थबकला.

"एकानं," तिसऱ्या रांगेतून यालमारचा आवाज आला. तो उभा नव्हता, बसलेला होता.

"एकानं. म्हणजे आता पुन्हा तेच. पुन्हा एक, चार, दोन, आठ, पाच, सात. मरेपर्यंत वाटत बसा, हेच येणार." तिनं फळ्यावर थरांच्या वाट्याला आलेले तुकडे ओळीनं लिहिले. १ ४ २ ८ ५ ७. "हा तुमचा पर्वतांआधीचा आकडा. एकाला सातनं भागलं की हा येतो. आता तीन गोळे घेऊन बसा. तीन आपल्याला मघाशी वाटेतच भेटले होते, आठवतंय? तिथून पुढे मोजा: चार, दोन, आठ, पाच, सात, एक. वाट तीच, फक्त चढायचा थांबा वेगळा. सातनं भागताना बाकी एक ते सहाच राहू शकते, म्हणून थांबे सहा. म्हणून फासा सहाचा. सातनं गुणलं की सातही वाटे परत एकत्र येतात, म्हणून नऊ, नऊ, नऊ. पूर्ण एक व्हायचा, पण शेवटचे कण आपण टाकून दिले म्हणून एवढासा कमी."

"आणि पेटी?" बाहेरून काचेतून कुणीतरी.

रूनानं आर्डिसचं कोपर वर धरलं. चर्रर्र. पट्टा चार आणि दोनच्या मधून सुटला. चर्रर्र, आठ आणि पाचच्या मधून. "प्रत्येक दोन आकड्यांमध्ये वेल्क्रोची चिकटपट्टी आहे. फासा पडला की उत्तराचा पहिला आकडा कुठला ते आठवायचं आणि तिथे फाडायचं. सहा उत्तरं पाठ, झालं बंधूपण."

"पण भगिनी," बंधू कळवळून म्हणाले, "गुणाकार तर खरा आहे ना? तो तरी तुम्ही नाकारत नाही?"

"शंभर टक्के खरा. म्हणूनच तर तीनशे माणसं फसली. खोटा असता तर सोमवारीच तुम्हाला सरोवरात बुडवलं असतं. गुणाकार खरा आहे, आणि त्यात हाडांबद्दल एक अक्षर नाही. सतरानं भागलं तर सोळा आकड्यांचा असाच थोरला भाऊ निघतो. आमचा केक सतरा थरांचा असता तर तुम्ही तो विकला असता आणि कमरेला दोन वेढे पडले असते."

"माझं कोपर मात्र खरंच बरं झालं," आर्डिस हळूच म्हणाली.

"चार दिवस मळलं नाहीस की होतंच ते बरं. सोमवारपासून तूही मळायला ये."

हॉल कोसळला. हसता हसता एकानं गुडघ्यावरचा पट्टा काढला: चर्रर्र. मग दुसऱ्यानं. मग तो आवाज रांगांमधून पसरत गेला, जणू तीनशे माणसं एकाच वेळी कापड फाडत आहेत. त्या आवाजात बंधू एलायस म्हणत होते की विश्व त्यांना पुढच्या गावी बोलावत आहे. विश्वाला बहुधा घाई होती, कारण फळ्याशेजारची पेटी आणि फासा इथेच राहिला. पाळणाघरातली पोरं आता त्या फाशावर उड्या मारतात.

रूनानं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. यालमारचा पट्टा कमरेलाच होता. त्यानं त्याला हातही लावला नव्हता.

७

चारला सात मिनिटं कमी होती. दोघं चर्चच्या आवारात ट्रकमध्ये बसले होते.

"आता तर समजलं ना?" रूना म्हणाली.

"मला सोमवारीच समजलं होतं."

"काय?"

"चर्रर्र ऐकलं तेव्हाच. चाळीस वर्षं जाळी शिवलीत मी, कापड कुठे सुटतं ते मला कळत नाही होय? भागाकार मात्र तू छान सांगितलास."

"मग बांधलास कशाला रे मेल्या?"

यालमार समोरच्या काचेतून सरोवराकडे बघत राहिला.

"पट्टा बांधल्यापासून कुणी मला विनिपेगबद्दल विचारत नव्हतं," तो म्हणाला. "पोस्टात, धक्क्यावर, कुठेच. 'कधी जातोस' म्हणून कुणी विचारलं की मी पट्टा दाखवायचो. विषय बंद."

रूनाला आपल्या हिशेबातली चूक कळली. फळाभर भागाकार तिनं नको त्या प्रश्नाला केला होता. आकड्यानं त्याला बांधलंच नव्हतं. त्याला बांधून ठेवणारं दुसरंच काहीतरी होतं, आणि त्याबद्दल नऊ वर्षांत घरात कुणी एक वाक्य पूर्ण बोललं नव्हतं.

"तुला वाटतं, तूही येणार नाहीस परत," ती म्हणाली.

"मला वाटत नाही. मला माहीत नाही. माहीत नसणं जास्त वाईट."

"मग जिला माहीत आहे तिलाच विचार."

"असं विचारतात होय कुणी? फोनवर?"

"विचारत नाहीत. म्हणून तर पट्टे खपतात."

पाच मिनिटं. तिनं नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला आणि स्वतः खिडकीबाहेर बघायला लागली. पलीकडचं तिला ऐकू येत नव्हतं. यालमारचं मात्र अर्ध्या आवाराला ऐकू गेलं असतं, कारण तो फोनवर सरोवराच्या दुसऱ्या काठाशी बोलावं तसा बोलतो.

"हॅलो! यालमार. उजवा खुबा. मंगळवार... हो, तोच... नाही, अजून हो म्हटलेलं नाही. आधी एक विचारायचंय."

"..."

"मरतात किती?"

"..."

"नाही बाई, थट्टा नाही. हे ऑपरेशन झालेली माणसं. मरतात किती?"

"..."

"हजारात दोन-तीन. बरं. सगळे धरून? ... माझ्या वयाला थोडे जास्त. थोडे म्हणजे किती, नीट सांगा... बरं, लिहून घेतो. रूना, पेन... नको, राहील लक्षात. हे म्हणजे तुम्ही मोजलंय ना? का नुसतं म्हणायचं म्हणून? ... दरवर्षी मोजता. बरं."

"..."

"माझा भाऊ गेला. पित्ताशय. नऊ वर्षं झाली... नाही, हृदयाचं काही होतं त्याला, ते नंतर कळलं... माझं? नाही, कधी पाहिलं नाही... आधी तपासणार? भाऊ गेला हे सांगितलं म्हणून? मग हे मी आधीच सांगायला हवं होतं."

"..."

"आणि काहीच केलं नाही तर? असाच बसून राहिलो तर?"

या वेळी पलीकडची बाई बरंच बोलली. यालमारचा चेहरा आधी पडला, मग जागेवर आला. कुणीतरी हिशेब समोर मांडल्यावर येतो तसा.

"म्हणजे हजारातले नऊशे नव्वदहून जास्त घरी येतात, आणि बसून राहिलेले पडतात. बरं. लिहा मला... हो. हो म्हणजे हो. मंगळवार."

त्यानं फोन खाली ठेवला. चारला एक मिनिट कमी. मग त्यानं कमरेच्या पट्ट्याला हात घातला, ओढला, आणि चर्रर्र करून तो सीटखाली टाकून दिला.

"हजारात थोडेसे," तो म्हणाला. "नऊ वर्षं मला वाटत होतं, निम्मे असतील."

"विचारलं असतंस तर."

"कुणी सांगितलं नाही, विचारता येतं म्हणून."

यालमारच्या मनात नऊ वर्षं एक आकडा होता, निम्मे. तो कुणीही मोजलेला नव्हता, आणि त्या आकड्याच्या धाकानं तो लंगडत राहिला. बंधूंनी त्याला दुसरा आकडा दिला. तो सुंदर होता, खरा होता, आणि त्याच्या खुब्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तिसरा आकडा एका थकलेल्या बाईनं फोनवर सांगितला. त्यात काही फिरत नाही, कुणी टाळ्या वाजवणार नाही, कापडावर शिवून कुणी विकणार नाही. पण तो माणसं मोजून काढलेला होता, आणि तो ऐकून एक घाबरलेला माणूस हो म्हणाला. तेव्हा कुणी तुमच्यासमोर आकडा नाचवला तर टाळ्या जरूर वाजवा, आकडे खरंच गमतीचे असतात. मग फक्त एवढंच विचारा: हा कशाचा आकडा आहे, आणि कुणी मोजला? उत्तर नसेल तर घरी जा. आणि ज्याची भीती वाटते त्याचा खरा आकडा ज्याला ठाऊक आहे, त्याला सरळ फोन करा, कार्यालय बंद व्हायच्या आत.